पारामावशींचा दशांश

पारामावशींचा पारा चढलेला कुणी पाहिला नाही, हा विनोद फळसंशोधन केंद्रात पिढ्यान् पिढ्या चालत आला होता. पिढ्या म्हणजे साहेबांच्या. साहेब तीन-चार वर्षांनी बदलायचे, मावशी मात्र तिथेच. अडतीस वर्षं त्यांनी रोज सकाळी आठाच्या ठोक्याला पांढऱ्या पेटीचं दार उघडलं, आतले दोन तापमापक वाचले, आकडे रजिस्टरात लिहिले आणि दार लावलं. काम एवढंच, पाच मिनिटांचं. बाकीचा दिवस त्या रोपवाटिकेत कलमं बांधायच्या आणि पगारही त्याचाच घ्यायच्या. पण लोकांनी नाव ठेवलं ते या पाच मिनिटांवरून. खरं नाव हजेरीपटात होतं, ते तिथेच राहिलं.

पेटी दिसायला कोंबड्यांच्या खुराड्यासारखी. छातीइतक्या उंचीच्या चार पायांवर उभी, चारी बाजूंना तिरप्या पट्ट्यांच्या झडपा. वारा खेळावा, ऊन मात्र आत येऊ नये. आतला एक तापमापक दिवसाचा कळस सांगायचा, दुसरा रात्रीचा तळ. त्या दुसऱ्यात पारा नव्हताच, रंगहीन स्पिरिट होतं आणि त्यात पिनेएवढी एक काळी काडी. रात्र जितकी उतरेल तितकी काडी मागे सरकायची आणि तिथेच थांबून राहायची, सकाळी कुणी येऊन विचारेपर्यंत.

हे काम त्यांच्याकडे आलं ते एका म्हाताऱ्या माणसाच्या मोतीबिंदूमुळे. आधी नोंदी ठेवायचे नोंदवाले काका. त्यांना दिसेनासं झालं, तेव्हा ते रोपवाटिकेतल्या कुणालाही हाक मारून वाचायला लावायचे. बहुतेक जण लांबूनच मान वाकडी करून सांगायचे, "असेल की काका, एकवीसच्या आसपास." एके दिवशी बावीस वर्षांची, नुकतीच कामाला लागलेली ही पोरगी समोर आली. तिने पायाखाली एक वीट घेतली, डोळा काडीच्या अगदी समोर आणला आणि म्हणाली, "एकवीस पॉइंट तीन."

"साडेएकवीस लिही," काका म्हणाले.

"पण तीन आहे, काका."

"दोन दशांशांनी काय आभाळ कोसळतंय? साडेएकवीस सरळ दिसतं."

"सरळ दिसतं खरं," पोरगी म्हणाली, "पण काडी तीनवर आहे."

काका इतके मोठ्याने हसले की माळी लोक काम थांबवून बघायला लागले. त्यांनी पेटीची किल्ली तिच्या हातावर ठेवली. "आजपासून तू बघ. दोनच गोष्टी सांगतो. दिसलं तेवढंच लिहायचं. आणि नाही बघितलं, तर जागा कोरी सोडायची. कोरी जागा खोटं बोलत नाही."

ऐकायला हे सोपं होतं. किती अवघड ते तिसऱ्या वर्षी कळलं. मावशी तापाने फणफणून चार दिवस घरी पडल्या आणि काका तोवर वारले होते. त्या महिन्याचा तक्ता मुख्य कार्यालयाला जायचा होता आणि त्यात चार घरं रिकामी. त्या वेळचे साहेब तसे मनाने वाईट नव्हते, पण रिकाम्या घरांची त्यांना धास्ती.

"अगं, आदल्या दिवशी अठ्ठावीस, नंतरच्या दिवशी अठ्ठावीस. मधल्या चार दिवसांत काय बर्फ पडला होता का?"

"पडला नसेल, साहेब."

"मग लिही की अठ्ठावीस."

"मी बघितलं नाही, साहेब."

"मी सांगतो म्हणून लिही."

"तुम्ही तरी बघितलंत का?"

हे त्यांनी उद्धटपणे विचारलं नव्हतं. साहेबांनी बघितलं असेल तर आनंदाने लिहायची त्यांची तयारी होती. पण साहेबांना ते झोंबलं. दुसऱ्या दिवशी पेटीची किल्ली फाटकावरच्या कारकुनाकडे गेली. तीन महिने कारकुनाने तापमान लिहिलं, तेही बहुतेक खुर्चीत बसूनच. मावशी रोपवाटिकेतून रोज आठ वाजता त्या बंद दाराकडे बघायच्या आणि पुन्हा कलमाला पट्टी गुंडाळायला लागायच्या. मग साहेबांची बदली झाली. कारकुनालाही रोज उठून गवतात जाऊन बूट ओले करायचा कंटाळा आला होता. किल्ली आपसूक परत आली.

त्यांचे यजमान त्याच केंद्रात नासपतीच्या बागेचे माळी होते. लग्न तिथल्या ओळखीतूनच झालं. माणूस अबोल, बोलायचा तो झाडांशी, आणि तेही छाटणीच्या वेळी. दोनशेसोळा झाडं त्यांनी रोपापासून वाढवलेली. केंद्राने आजूबाजूच्या बागायतदारांना नासपती लावा म्हणून सांगितलं, तेव्हा दाखवायला याच बागेत आणलं जायचं. यजमान तेव्हा धुतलेला सदरा घालून उभे राहायचे आणि कुणी काही विचारलं तर झाडाकडे बोट दाखवायचे.

एक मुलगी झाली. तिच्या लहानपणाचं मावशींना आजही टोचतं. शाळेच्या सहली, मामाकडच्या सुट्ट्या, बक्षीस समारंभ, सगळं सकाळी आठाच्या आधी किंवा नंतर बसवायला लागायचं. जे बसायचं नाही ते राहून जायचं. "तुझं थोरलं लेकरू ती पेटी, मी धाकटी," असं पोरगी बारा वर्षांची असताना म्हणाली होती. त्यानंतर मावशींनी यजमानांना आकडे वाचायला शिकवलं आणि वर्षातले आठ दिवस मुलीसाठी राखून ठेवले. त्या आठ दिवसांपुढे रजिस्टरात यजमानांची सही आहे. वाचणारा बदलला तर ते लिहायचं, हा त्यांनी स्वतःच केलेला नियम.

साधारण विसाव्या वर्षी मावशींना पहिल्यांदा शंका आली. हिवाळ्यातल्या पहाटे गवतावर दव गोठून पांढरं पडायचं, त्याची नोंद त्या शेऱ्याच्या रकान्यात करत. 'गवत पांढरं.' पूर्वी एका हिवाळ्यात पंधरा-वीसदा लिहायला लागायचं. त्या वर्षी चारदा लिहिलं. पुढच्या वर्षी दोनदा. आकडेही वर सरकल्यासारखे वाटत होते.

त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आधी स्वतःवर संशय घेतला. डोळे तपासून चष्मा केला. चष्म्यातूनही काडी तिथेच. मग तापमापकावर संशय घेतला. शीतगृहातून बर्फ आणला, फोडून पाण्यात कालवला, एका जाड भांड्यात तापमापक उभा केला आणि अर्धा तास तिथेच बसून राहिल्या. बर्फाच्या पाण्यात शून्य यायला हवं. शून्यच आलं. दुसरा तपासला, तोही धड. घरी येऊन त्या यजमानांना म्हणाल्या, "अहो, माझे डोळे ठीक आहेत आणि काचही ठीक आहे."

"मग?"

"मग काय, रात्रीच बिघडल्यात."

"मोहोर यंदा एकदम आला नाही," यजमान म्हणाले. "एका फांदीवर फूल, दुसरीवर नुसता डोळा. मला वाटलं माझंच काही चुकलं." नवराबायको दोघंही आपापल्या परीने स्वतःलाच दोष देत होती, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

चार वर्षांनी पेटी हलवायचा हुकूम आला. ज्या मोकळ्या गवतात ती उभी होती तिथे पाहुण्यांसाठी इमारत व्हायची होती. नवी जागा ठरली कार्यालयाच्या मागे, भिंतीपासून चार पावलांवर, शेजारी गाड्या लावायला केलेली डांबरी फरशी. मावशींनी अर्ज केला. डांबर दिवसभर तापतं, रात्रभर ऊब सोडतं, भिंतही तसंच करते. इथला आकडा हवेचा राहणार नाही, भिंतीचा होईल. अर्जावर कुणीतरी 'पाहिले' एवढं लिहून सही केली.

नवी जागा, नवी पेटी, नवे तापमापक. जुनी पेटी भंगारात. मावशी भांडारपालांकडे गेल्या. "इमारतीचं काम सुरू होईपर्यंत जुनी तिथेच राहू द्या ना."

"कशाला? दोन-दोन पेट्या कुणी पूजायला सांगितल्यात?"

"जुनी आणि नवी किती फरक दाखवतात ते कळेल."

"कळून काय करायचं?"

"आज काहीच नाही," मावशी म्हणाल्या. "पण पुढे कुणी विचारलं तर तोंडघशी नको पडायला."

भांडारपालांनी खांदे उडवले. "तुमच्या जबाबदारीवर ठेवा. मोडली तर माझ्याकडे रडत येऊ नका."

ती मोडलेलीच होती. दोन पाय वाळवीने खाल्ले होते. यजमानांनी बागेतल्या छाटलेल्या लाकडाचे दोन पाय बसवले, झडपा घासून पुन्हा पांढऱ्या केल्या. आणि मग चौदा महिने मावशींची सकाळ दुप्पट झाली. आठ वाजता जुनी पेटी, आठ वाजून सहा मिनिटांनी नवी. मधल्या सहा मिनिटांत रोपवाटिका ओलांडून, साडी सावरत जायचं. नवीचे आकडे सरकारी रजिस्टरात. जुनीचे मुलीच्या शाळेच्या अर्धवट भरलेल्या वह्यांत, जिथे सुरुवातीच्या पानांवर भूगोलाचे प्रश्न होते. पावसात, थंडीत, सुट्टीच्या दिवशी, चौदा महिने. लोक म्हणायचे, मावशींना खूळ लागलंय. मग एका सोमवारी खोदायचं यंत्र आलं. मावशींनी तापमापक काढून भांडारात जमा केले, पावती घेतली आणि वह्या ट्रंकेत डांबरगोळ्यांसोबत ठेवून दिल्या.

कुणीच विचारलं नाही. अकरा वर्षं कुणी विचारलं नाही.

विचारायची वेळ आली ती नासपतीमुळे. बाग दर वर्षी थोडी थोडी मुकी होत चालली होती. शेवटी एका वर्षी दोनशेसोळा झाडांवर मिळून जेमतेम सहा टोपल्या फळ आलं. बागायतदारांच्याही बागा तशाच. ते केंद्रावर येऊन ओरडून गेले. वरून पत्र आलं आणि नव्या साहेबांनी चौकशी लावली. चौकशी म्हटली की कुणीतरी सापडायला लागतं, आणि माळ्याइतकं हाताशी दुसरं कोण असतं? छाटणी चुकली, खत चुकलं, निष्काळजीपणा झाला, असा मसुदा तयार झाला. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या माणसाच्या नावावर तो डाग लागणार होता.

"तुम्हाला काय म्हणायचंय?" साहेबांनी विचारलं.

यजमान टोपी हातात घेऊन उभे होते. "साहेब, थंडीच पडत नाही."

"थंडी पडत नाही तर मी इथे स्वेटर घालून का बसलोय?"

"माणसाला वाजते तेवढी झाडाला पुरत नाही, साहेब. आमच्या घरात रोज लिहून ठेवतात. बघा पाहिजे तर."

साहेब हसले. "वा! आरोपी नवरा आणि साक्षीदार बायको!"

मावशी दाराशीच होत्या, तक्त्यावर सही घ्यायला आलेल्या. त्यांनी ऐकलं. चेहरा बदलला नाही. पण त्या दिवशी त्यांनी बांधलेल्या कलमांपैकी तीन कलमांच्या पट्ट्या सैल निघाल्या, असं रोपवाटिकेतल्या बाया सांगतात.

त्याच महिन्यात विद्यापीठातून एक तरुण संशोधक मुलगी आली. तिला चौकशीशी देणंघेणं नव्हतं. या सगळ्या टापूचं वर्षाचं सरासरी तापमान चाळीस वर्षांत कसं बदललं, हा तिचा विषय. धरणावरचं केंद्र, शाळेतलं केंद्र आणि हे, अशा तीन ठिकाणच्या नोंदी तिने मुख्य कार्यालयातून आणल्या होत्या. दोन दिवस लॅपटॉपसमोर बसून तिने साहेबांना सांगितलं, "अजून तपासायचंय, पण वरवर पाहता इथल्या रात्री वर्षाच्या सरासरीने दोन अंशांनी तापल्यात. सात अंशांच्या खालच्या रात्री पूर्वी हिवाळ्यात अठ्ठावन्न असायच्या. आता सतरा."

साहेबांना कागद वाचता येत होता. ही नासपती निदान चाळीस थंड रात्री मागते, हे त्यांच्याच केंद्राच्या पुस्तिकेत छापलेलं. ते म्हणाले, "असं असेल तर माळ्याचं काय चुकलं?" ही बातमी दुपारच्या चहापर्यंत बागेत पोचली. यजमानांनी खूप दिवसांनी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

संध्याकाळी यजमान जेवत असताना मावशी उद्याची भाजी चिरत म्हणाल्या, "दोन अंश नाहीत ते."

"काय?"

"पेटी भिंतीजवळ नेली त्यातलं काही त्यात मिसळलंय. तिला ठाऊक नाही. तक्त्यात शेऱ्याचा रकाना नव्हता, वरती कळलंच नाही कुणाला. वह्या दिल्या तर आकडा खाली येईल."

यजमानांचा घास हातातच राहिला. "किती खाली?"

"बेरीज केलेली नाही मी कधी. अर्ध्याच्या वर जाईल बहुतेक."

"आणि थंड रात्री?"

"त्या वाढतील. सतराच्या वीस होतील, तीस होतील, चाळीसही होतील. मला काय माहीत."

चाळीस झाल्या तर मसुदा पुन्हा टेबलावर येणार, हे दोघांनाही न बोलता कळत होतं. "तुला कुणी विचारलंय का?" यजमान म्हणाले. इतक्या वर्षांत ते आपल्याशी एवढ्या कडवटपणे बोलल्याचं मावशींना आठवत नाही. "तीस वर्षं त्या झाडांसाठी घातली मी. आत्ता कुठे माणसासारखा श्वास घेतला."

मावशींनी सुरी खाली ठेवली. "नका देऊ म्हणालात तर नाही देणार," त्या म्हणाल्या. "पण मग उद्यापासून पेटीकडे जाणारही नाही."

ते ताटावरून उठले. बाहेर ओट्यावर जाऊन बसले, आत आले, झोपले. सकाळी मावशी चहा करायला उठल्या तर माळ्यावरची ट्रंक खाली काढलेली होती, धूळ पुसून दारापाशी ठेवलेली, आणि यजमान बागेत निघून गेले होते.

ट्रंक सायकलच्या कॅरियरला बांधून मावशी कार्यालयात गेल्या. संशोधक मुलीने पहिली वही उघडली. भूगोलाचे प्रश्न बघून तिला वाटलं चुकून आणली.

"पुढे बघा, मॅडम. मधल्या पानापासून."

मुलगी बघत गेली. एक पान, दोन पानं, मग तिने खुर्ची ओढली. "मावशी, हे दोन्ही ठिकाणी एकाच दिवशी वाचलंय?"

"सहा मिनिटांच्या अंतराने. मधे चालायला लागायचं."

"चौदा महिने?"

"चार दिवस कमी. तेव्हा पूर होता, नाल्यापलीकडे जाता आलं नाही. कोरे आहेत बघा."

"तुम्हाला हे करायला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. पण जागा बदलली तर हवा बदलली असं दिसणार, आणि हवा बदलली तर जागेमुळे झालं असं म्हणणार. दोन्ही वेगळं कळायला नको का?"

त्या मुलीचे गुरू हेच वाक्य वर्गात तासभर समजावून सांगायचे. ती उठून उभी राहिली. मावशींना वाटलं तिला काही आणायला जायचंय.

ती दोन दिवस राहायला आलेली, नऊ दिवस राहिली. मूळ रजिस्टरं मागवली, एकूण छत्तीस. एका दुपारी तिने मावशींना बोलावलं आणि पडद्यावर दहा उभ्या पट्ट्या दाखवल्या, जवळजवळ सारख्या उंचीच्या. "हे तुमच्या आकड्यांमधले शेवटचे दशांश. शून्यापासून नऊपर्यंत. खरंच बघून लिहिलं तर दहाही साधारण सारखे यायला हवेत. इतर ठिकाणी शून्य आणि पाच यांचीच गर्दी असते, कारण माणूस अंदाजाने सरळ आकडा लिहितो. तुमच्याकडे तीनला आणि सातलाही घर मिळालंय."

"काडी तिथे असायची म्हणून," मावशी म्हणाल्या.

"पण तुमच्या तिसऱ्या वर्षी हे तीन महिने बघा. नुसते शून्य आणि पाच. हे कोण?"

मावशी पदर तोंडाला लावून हसल्या. "ते कारकूनसाहेब. भले गृहस्थ होते. पायाला गवत लागलेलं चालायचं नाही त्यांना."

ते तीन महिने मुलीने बाजूला काढले. मावशींच्या दोन्ही पेट्यांचा फरक काढला: भिंतीजवळची रात्र सरासरीने सात दशांशांनी गरम. पेटी हलवल्यानंतरच्या सगळ्या वर्षांतून तो फरक वजा केला. मग साहेब, भांडारपाल, माळी, मावशी, सगळ्यांना बसवून तिने सांगितलं.

"दोन अंश नाहीत. एक पॉइंट तीन."

यजमान जमिनीकडे बघत होते.

"आणि सात अंशांखालच्या रात्री सतरा नाहीत, चोवीस आहेत. अठ्ठावन्नच्या चोवीस." ती साहेबांकडे वळली. "सर, आधीचा आकडा मोठा होता, पण त्यावर कुणीही बोट ठेवलं असतं. पेटी हलली म्हणून सगळंच खोटं, असं म्हटलं असतं. आता नाही म्हणता येणार. धरणावर एक पॉइंट दोन येतोय, शाळेत एक पॉइंट चार. पण त्या नोंदी मी यांच्या आधारावर तपासल्यात. या अख्ख्या टापूत उभं राहायला एवढीच एक घट्ट जागा आहे."

साहेबांनी आकडे दोनदा वाचले. चाळीसला चोवीस पुरत नाहीत हे कळायला संशोधक लागत नाही. त्यांनी फायलीतून तो मसुदा काढला, पण फाडला नाही. सरकारी कागद फाडता येत नाही. त्यावर आडवी रेघ मारली, 'दोष आढळला नाही' लिहिलं आणि सही केली. मग मावशींकडे बघून म्हणाले, "त्या दिवशी मी जे बोललो, साक्षीदार वगैरे... ते बोलायला नको होतं."

"असू द्या, साहेब." मग मावशींनी त्या मुलीला विचारलं, "म्हणजे माझं वाचायला चुकलं नव्हतं? इतकी वर्षं?"

"नाही, मावशी. कुठेच नाही."

सगळ्यांना वाटलं आता त्या सुखावतील. मावशी थोडा वेळ पडद्यावरच्या वर चढत गेलेल्या रेघेकडे बघत राहिल्या. "माझंच चुकलं असतं तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या.

त्या उन्हाळ्यात केंद्राने बागायतदारांची बैठक बोलावली. आधीचा सल्ला मागे घ्यायचा होता, आणि ते सांगायला कुणालाच पुढे व्हायचं नव्हतं. संशोधक मुलीने रेघ दाखवली, साहेबांनी कमी थंडीत फुलणाऱ्या जातीची माहिती दिली. लोक चुळबुळत होते. एक म्हातारा बागायतदार उठला. "आकडे काय, कोणीही काढतो. हे लिहिलंय कुणी?"

मावशींना पुढे बोलावलं. त्यांनी हात कुठे ठेवावेत हे न कळून ते मागे बांधले. "मी लिहिलंय. रोज आठ वाजता."

"माझा थोरला झाला त्या हिवाळ्यात, माझ्या हौदावर बर्फाची साय धरली होती. आहे का तुमच्याकडे?"

वर्ष विचारून घेऊन मावशींनी रजिस्टर काढलं, पान उलटलं. "शून्य पॉइंट चार, आमच्याकडे. तुमचं रान खोलगट आहे, तिथे शून्याखाली गेलं असेल. शेरा आहे बघा: गवत पांढरं, नळ गोठला."

म्हातारा पुढे आला, चष्मा चढवून ती ओळ त्याने बोटाने वाचली आणि जागेवर जाऊन बसला. "लावा मग ती नवी जात," तो शेजाऱ्याला म्हणाला. बैठकीचं काम त्यानंतर पटकन उरकलं.

दोनशेसोळा झाडं मुळापासून काढायची नाहीत, असं यजमानांनी साहेबांना पटवलं. आयुष्यात पहिल्यांदा ते सलग दहा वाक्यं बोलले. जुनी खोडं कंबरेएवढी ठेवून त्यांवर नव्या जातीच्या काड्या बांधायच्या. दोन हिवाळे ते काम चाललं. यजमान करवतीने खोड सपाट करायचे, सालीला फट पाडायचे. मावशी काडी बसवून पट्टी गुंडाळायच्या. त्यातली एकशेऐंशी झाडं जगली, बाकीची वाळली. वाळलेल्यांचा हिशेब यजमान अजून मनात घेऊन फिरतात, मावशी म्हणतात विसरा आता, ते विसरत नाहीत.

मावशी निवृत्त झाल्या तेव्हा पेटीशेजारी आपोआप नोंद करणारं यंत्र बसलं होतं. संशोधक मुलीने वरती लिहून त्यांना महिन्यातून दोनदा मानधनावर बोलावून घेतलं, यंत्र आणि जुने तापमापक ताडून बघायला, आणि टापूतल्या इतर ठिकाणच्या लोकांना वाचायला शिकवायला. धरणावरचा चौकीदार, शाळेतल्या बाई, दोन नव्या केंद्रांवरच्या मुली असे पाच-सहा जण येतात. मावशी त्यांना भाषण देत नाहीत. एकेकाला पेटीसमोर उभं करतात, वाचायला लावतात आणि शेजारी उभ्या राहून त्याचा डोळा कुठे आहे ते बघतात. घाईने उत्तर देणाऱ्याला त्या एवढंच म्हणतात, "बघा अजून एकदा. काडी कुठे पळून जात नाही."